सोंगटी धरायची कशी?

लाकडाच्या लेथवर काम करणारा माणूस भेटला की लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला, "विकता का हे?" आणि दुसरा, "मोठ्यात मोठं काय केलंय?" छोट्यात छोटं काय केलंय, हे मला आजवर एकानेही विचारलेलं नाही. हातभर व्यासाचा वाडगा दाखवला की वा वा होते. बोटाच्या पेराएवढी सोंगटी दाखवली की, "छान आहे हं," म्हणून खाली ठेवतात. पण घाम कुठे जास्त निघाला असं विचाराल तर सोंगटीत. आणि तोही ती कातताना नाही, कातून झाल्यावर.

ज्यांनी लेथ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कुंभाराचं चाक आडवं करून त्यावर मातीऐवजी लाकूड लावलंय अशी कल्पना करा. लाकूड फिरतं, आपण पटाशी लावतो, आकार निघतो. जुन्या मराठीत हे काम करणाऱ्याला कातारी म्हणत आणि अशा वस्तूंना कातीव. आता लाकूड फिरायचं तर कुणीतरी ते धरलं पाहिजे. ते काम चक करतो, त्याला चार जबडे असतात. आणि सगळ्या अडचणीचं मूळ इथेच आहे. लाकूड जिथे धरलंय तिथे पटाशी पोचत नाही, पॉलिश पेपर पोचत नाही, रंगही पोचत नाही. मोठ्या वाडग्याच्या बुडाला धरण्यापुरतं शेपूट ठेवता येतं आणि शेवटी वाडगा उलटा करून तेही काढता येतं. सोंगटीचं काय करणार? सगळी मिळून तीन सेंटिमीटर उंच. धरायला जेवढी जागा हवी तेवढीच ती आहे.

त्यात छोट्या वस्तूचं गणित वेगळं. मिनिटाला १५०० फेरे या वेगाने ३० सेंटिमीटरचा वाडगा फिरवला तर त्याची कड मिनिटाला १४०० मीटरच्या वर धावते. (असं करू नका, मिठीत बॉम्ब घेऊन बसल्यासारखं आहे ते.) त्याच वेगाला २ सेंटिमीटरच्या सोंगटीची कड जेमतेम ९४ मीटर धावते. म्हणून छोटी वस्तू कातायला वेग वाढवावा लागतो, आणि वेग वाढला की पकड ढिली असण्याची शिक्षाही वाढते. सुटलेली सोंगटी कुठे जाते हे सांगता येत नाही. कपाटाखाली, गॅलरीतून खाली, कधी थेट कपाळावर.

चक्क हवेने धरायचीही एक युक्ती आहे. मागून पंप लावून हवा खेचायची, की बाहेरच्या हवेचा दाब वस्तूला चकावर दाबून धरतो. मोठमोठे वाडगे असे धरतात. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो, तेव्हा २० सेंटिमीटरच्या बुडाला तीनशे किलोच्या वर पकड मिळू शकते. हेच गणित २ सेंटिमीटरच्या सोंगटीला लावा. फार फार तर सव्वातीन किलो. तेही निर्वात अगदी पूर्ण असेल तर, जो घरच्या पंपाने होत नाही. म्हणजे जे यंत्र पातेल्याएवढं भांडं सहज पेलतं, ते सोंगटीपुढे हात टेकतं. मला हे फार आवडतं, का कोण जाणे.

नोकरीनिमित्त काही वर्षं बंगळूरला होतो तेव्हा चन्नपट्टणला बऱ्याच फेऱ्या झाल्या. म्हैसूरच्या रस्त्यावर साठेक किलोमीटरवर हे गाव, लाखेच्या लाकडी खेळण्यांचं. आपल्या सावंतवाडीचं जसं चितारआळीमुळे नाव, तसं त्यांचं. तिथली खेळणी ज्या लाकडाची होतात त्याला ते हाले म्हणतात, आपला काळा कुडा. पांढरंशुभ्र, बारीक पोताचं, पटाशीखाली लोण्यासारखं. तिथे एका शेडमध्ये मी तासभर एका कारागिराच्या मागे उभा राहिलो. चार जबड्यांचा चक वगैरे काही नाही. लेथच्या तोंडाला लोखंडी पेला, त्यात लाकडाची कांडी हातोडीने ठोकून बसवलेली. कांडीच्या मोकळ्या टोकाला मणी कातला, लगेच पॉलिश पेपर, लगेच लाखेची रंगीत कांडी त्या फिरत्या मण्यावर दाबली. घर्षणाने लाख वितळून चढली. मग केवड्याच्या जातीचं वाळकं पान घेऊन दाबलं, आणि त्या मण्याला अशी झळाळी आली की बस. सगळं झाल्यावर तिरक्या पटाशीने एकच काप. मणी टपकन खालच्या भुश्यात. कांडी तशीच फिरतेय, पुढचा मणी सुरू.

हे बघताना माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या माणसाला छोटी वस्तू धरायची कशी हा प्रश्नच पडत नाही, कारण तो ती सोडतच नाही. वस्तू पूर्ण होईपर्यंत ती झाडाचाच भाग असल्यासारखी कांडीला चिकटून असते. आम्ही हौशी लोक आधी कापतो, मग ती हातात घेऊन कौतुक करतो, आणि मग बुडाकडचा टवका बघून पुन्हा धरायच्या वाटा शोधतो. इंटरनेटवर या वाटांवर एवढं लिहिलं गेलंय की वाचता वाचता निवृत्त व्हाल.

पण आत्याच्या सोंगट्यांच्या बाबतीत ही 'सोडायचंच नाही' युक्ती चालणार नव्हती. कारण त्या शंभरएक वर्षांपूर्वीच कुणीतरी सोडून दिलेल्या होत्या.

आत्या ८७ वर्षांची. तिच्याकडे सारीपाट आहे, तिच्या आजीचा. कापडी पट, चार पट्ट्यांचा, दर पट्टीत २४ घरं, एकूण ९६. घरांच्या रेघा दोऱ्याने शिवलेल्या. सोंगट्या सोळा: चार लाल, चार हिरव्या, चार पिवळ्या, चार काळ्या. लाखेच्या, कातीव. खाली रुंद बूड, मधे कंबर, वर गोल डोकं. घर बदलताना त्यातल्या तीन हरवल्या, एक हिरवी आणि दोन पिवळ्या. त्यांच्या जागी कित्येक वर्षं दोन शर्टाची बटणं आणि एक चिंचोका खेळत होता आणि कुणाचं काही अडत नव्हतं.

अडलं ते डोळ्यांमुळे. डोळ्याच्या पडद्याचा, वयाबरोबर येणारा विकार. मधलं दिसायचं बंद झालं, कडेकडेचं तेवढं दिसतं. माणूस आलाय हे कळतं, कोण आलाय ते आवाजावरून. कवड्यांचं दान ती बोटाने मोजते. पट तर तिला पाठ आहे, शिवणीच्या रेघांवरून बोट फिरवत ती घरं मोजत जाते, आपल्यापेक्षा लवकर. पण सोंगट्या सगळ्या एकाच आकाराच्या, फरक फक्त रंगाचा. दर दानाला, "ही कुणाची गं?" असं विचारावं लागायला लागलं. शेजारच्या काकू तिच्याशी रोज संध्याकाळी खेळायला यायच्या. एक दिवस मला म्हणाली, "मी आता नाही खेळत. तिच्या मनात काही नसेलही रे. पण मी दर वेळी तिच्या शब्दावर खेळायचं म्हणजे तो खेळ नाही राहिला."

मी म्हटलं, नवीन संच करून देतो, चार वेगळ्या आकारांचा, बोटाला लगेच कळेल असा. ती म्हणाली, "नवीन नको. ह्याच हव्यात." मग थोडं थांबून, "ह्यांनाच खुणा कर. तुझं ते मशीन आहे ना?"

म्हणजे काम असं ठरलं. लाल तशाच गुळगुळीत. हिरवीच्या डोक्याखाली एक चर. पिवळीला दोन चर. काळीच्या टाळूला खळी. हरवलेल्या तीन नवीन करायच्या, बाकीच्या जुन्यांना खुणा पाडायच्या. जुन्यांतली एक काळी मात्र तिने बाजूला काढून ठेवली. तिच्या बुडाचा टवका उडालेला आहे, माझ्या वडिलांनी लहानपणी ती सुपारी फोडायला वापरली होती म्हणे. "हिला हात लावू नकोस, ही मला ओळखू येते." राहिल्या आठ. या आठांपैकी एकही बिघडली तर बदली देता येणार नाही, हे मला घरी येताना बसमध्ये हळूहळू जाणवत गेलं.

आता या सोंगट्या धरायच्या कशा? नेहमीच्या सगळ्या युक्त्या मी एकेक करून मनात आणल्या आणि जुन्या लाखेने एकेक बाद केली. जबड्यांचा चक तर सोडाच, लोखंडाचे वण उठतील. गरम गोंदाने बूड ठोकळ्याला चिकटवावं, तर लाख ७०-८० अंशांना मऊ होते आणि गोंद त्याहून गरम असतो. शिवाय तो गोंद सोडवायला स्पिरिट लावतात, आणि स्पिरिटमध्ये लाख विरघळते. (फर्निचरचं पॉलिश म्हणजे दुसरं काय असतं?) सुपरग्लूचं तेच, तो काढायला लागणारं अ‍ॅसिटोन लाखेला सोडणार नाही. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप सपाट बुडाला छान चालते, पण यांची बुडं मधे खोलगट आहेत, टेपला टेकायला नुसती कडेची रिंग. बुडात भोक पाडून स्क्रूवर बसवणं हा आणखी एक सोपा मार्ग आहे. तो मी आत्याला सांगितलासुद्धा नाही.

राहिली एक जुनी, साधी पद्धत. टाकाऊ लाकडाचा पेला कातायचा, त्यात वस्तू घट्ट बसेल असं भोक करायचं आणि नुसती दाबून बसवायची. इंग्रजीत त्याला जॅम चक म्हणतात. चन्नपट्टणच्या लोखंडी पेल्याचाच हा लाकडी भाऊ. भोकाला किंचित उतार द्यायचा, जेमतेम एक-दोन अंशांचा, म्हणजे वस्तू आत जाता जाता आवळते. ढिली झाली तर टिश्यू पेपरचा एक पदर घालायचा. मागून आरपार भोक ठेवायचं, म्हणजे काम झाल्यावर सळईने मागून हलकेच ढकलून वस्तू बाहेर काढता येते, उचकटावी लागत नाही.

पण इथेही दोन गोष्टी आडव्या आल्या. एक म्हणजे या सोंगट्या हाताने कातलेल्या. व्हर्नियर लावून मोजलं तर बुडं १९.२ मिलिमीटरपासून २०.६ पर्यंत. एका पेल्यात दोन सोंगट्या सारख्या बसणं शक्य नाही. दुसरी गोष्ट जास्त वाईट. पेल्यात वस्तू घसरली, म्हणजे पेला फिरतोय आणि सोंगटी जागेवर थांबलीय, असं दोन सेकंद जरी झालं तर घर्षणाने लाख पोळणार. ज्या घर्षणाने चन्नपट्टणमध्ये लाख चढते त्याच घर्षणाने इथे ती उतरणार.

शेवटी जो पेला केला तो असा. बाभळीचा एक जुना तुकडा होता, चिवट. त्याचे तंतू लेथच्या अक्षाच्या दिशेने ठेवले, कारण आडवे ठेवले तर पुढे कडा वाकवताना मोडतात. आत २२.८ मिलिमीटरचं भोक, २६ मिलिमीटर खोल. मग करवतीने तोंडापासून मागे आठ चिरा पाडल्या, फुलाच्या पाकळ्यांसारख्या. दर चीर जिथे संपते तिथे आधी एक छोटं भोक पाडून ठेवलं होतं, नाहीतर चीर स्वतःच पुढे चालू लागते. आतून जुन्या पाकिटाचं मिलिमीटरभर जाडीचं चामडं, मऊ बाजू आत. आणि बाहेरून गॅसच्या नळीला लावतात तशी, स्क्रूने आवळायची पत्र्याची क्लिप. स्क्रू आवळला की आठही पाकळ्या एकदम आत मिटतात. दर चीर मिलिमीटरभर रुंद, म्हणजे परिघात आठ मिलिमीटरची मुभा, व्यासात अडीच. मला दीडच हवी होती. क्लिपचा स्क्रू बाहेर डोकावतो आणि फिरताना बोटाच्या सांध्यावर बरोबर बसतो, म्हणून त्यावर चिकटपट्टीचे चार वेढे.

खर्च क्लिपचा तेवढा. आणि याच कामासाठी ईआर-३२ नावाचे पोलादी कॉलेट मिळतात, सुंदर असतात, माझ्याकडेही आहेत. पण एकेक कॉलेट मिलिमीटरभरच मिटतो आणि पोलाद ते पोलाद. बाभळीच्या हाताची सर त्याला नाही.

पेल्यात सोंगटी बसवली, टेलस्टॉकवरून डोक्याला बुचाच्या तुकड्याचा हलका टेकू दिला आणि हाताने चाक फिरवून बघितलं. डोकं लंगडत होतं. वाटलं, बसवली तिरकी. दुसरी लावली, तीही लंगडली. व्हर्नियर दोन दिशांनी लावल्यावर उलगडा झाला. सोंगट्याच आता गोल राहिलेल्या नाहीत. लाकूड वाळताना एका दिशेने जास्त आक्रसतं, दुसऱ्या दिशेने कमी, आणि एके काळी गोल कातलेली वस्तू लंबगोल होऊन बसते. डोळ्यांना दिसत नाही, पण पाव मिलिमीटरचा फरक आहे. म्हणजे चर एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला उथळ पडणार.

किती खोल हवा, हाही प्रश्न होताच. ब्रेलचे ठिपके साधारण अर्धा मिलिमीटर उंच असतात आणि एकमेकांपासून अडीच मिलिमीटरवर. आत्याला ब्रेल येत नाही, पण बोट बोटच असतं, म्हणून तोच हिशोब धरला. चर पाऊण मिलिमीटर खोल ठेवला, म्हणजे उथळ बाजूलाही अर्ध्याच्या आसपास उरतो. पिवळीच्या दोन चरांत तीन मिलिमीटरचं अंतर, नाहीतर दोन मिळून एकच रुंद चर वाटला असता.

प्रत्यक्ष चर पाडणं हे सगळ्यात कमी वेळाचं काम. लाख काचेसारखी ठिसूळ, पटाशी एकदम टेकवली तर कडेला पापुद्रे उडतात. म्हणून आधी मोटर बंद, हाताने चाक फिरवत सुरीच्या टोकाने बारीक रेघ मारून घेतली, जिथे चर संपायचा तिथे दोन्ही कडांना. मग ४०० फेऱ्यांवर तिरक्या पटाशीचं टोक अलगद. तीन श्वासांचं काम. काळीच्या टाळूची खळी तर मोटर न लावताच केली. टेलस्टॉकमध्ये काउंटरसिंकचं पातं, हाताने चाक. तिथे टेकू देता येत नाही, पण लागतही नाही, कारण पात्याचा सगळा दाब सोंगटीला पेल्यात आणखी आत ढकलतो. छोट्या वस्तू सुटतात त्या बहुतेक बाजूच्या धक्क्याने.

आता घासकाम. एरवी घासणं म्हणजे कंटाळा. १२० नंबर, १८०, २४०, ३२०, ४००, दर नंबरला आधीच्या नंबरचे ओरखडे जाईपर्यंत घासा. मधे मधे लेथ थांबवून तंतूंच्या दिशेने उभा हात मारा. कागद वस्तूच्या खालच्या बाजूने लावा, म्हणजे अडकला तर हात लांब फेकला जातो, आत ओढला जात नाही. बोटाला कागद गुंडाळू नका. फडकं तर लेथजवळ आणूच नका, पुसायला टिश्यू पेपर घ्या, तो अडकला तर फाटतो. हे सगळं मी लोकांना शंभर वेळा सांगितलंय. पण एरवी घासतो ते डोळ्यांसाठी. दिवा तिरका धरायचा, ओरखडा दिसला की पुन्हा. आत्यासाठी दिव्याचा उपयोग नव्हता. तिच्या बोटाला जो काही उंचवटा लागेल तो तिच्यासाठी एक अक्षर आहे. चराच्या कडेला राहिलेला कुसळाएवढा काटा म्हणजे, "ही वेगळी आहे का?" असा संशय. आणि संशयामुळेच तर तिने खेळ सोडला होता.

म्हणून चर पाडल्यावर ४०० नंबरच्या कागदाची घडी करून, घडीची धार चरात घालून, पुन्हा हातानेच चाक फिरवत. नवख्यांना कोणीतरी शिकवतं की चरात तार धरून काळी रेघ जाळून घ्यावी. देखणी दिसते, पण जळते ती घर्षणाच्या उष्णतेने, तेव्हा लाखेजवळ तार नको. मग बोटाने थोडं मधमाशीचं मेण. तपासताना डोळे मिटून तपासायचो. बायको दारातून बघून म्हणाली, "झोपलायस का लेथवर?"

तीन नवीन सोंगट्या मात्र चन्नपट्टणच्या पद्धतीने. काळ्या कुड्याचे तुकडे आणि लाखेच्या कांड्या तिथूनच आणून ठेवलेल्या होत्या. एका कांडीवर एकीमागून एक तीन, सोडायच्या नाहीत. आकार, घासकाम, लाख, पान, आणि चर सगळ्यात शेवटी, लाख चढल्यावर. आधी पाडला असता तर लाख चरात भरून कडा गोलसर झाल्या असत्या, आणि जुन्या हिरवीचा चर आणि नव्या हिरवीचा चर बोटाला वेगळे लागले असते. अशा छोट्या वस्तूवर १२० नंबर लावूच नये, दोन फेऱ्यांत डोक्याचा आकार बदलतो. पटाशी धारदार असेल तर २४० पासून सुरुवात केली तरी चालते.

राहता राहिली नव्या सोंगट्यांची बुडं, जिथे कापल्याची पांढरी खूण राहतेच. त्यासाठी पेला खोल केला होता. सोंगटी उलटी, डोकं आत, बुडाची कड तेवढी चामड्याने धरलेली, तीनेक मिलिमीटर बाहेर. बूड किंचित खोलगट केलं, म्हणजे ती फक्त कडेवर बसते. नुसतं सपाट केलं तर मधे कणभर उंचवटा राहिला तरी भोवऱ्यासारखी डुलते. आपल्याला डुलणं दिसतं आणि आपण सावरतो. तिचं बोट घरं मोजत येताना डुलणाऱ्या सोंगटीला लागलं तर सोंगटी आडवी, घर विसरलं, आणि पुन्हा, "कुठे होती गं माझी?"

सगळं मिळून तीन रविवार गेले. लेथ चालू होता त्यातला वेळ तासाभराच्या वर नसेल.

नेऊन दिल्या तेव्हा आत्याने पेटी मांडीवर घेतली आणि सोळाच्या सोळा बाहेर काढून चार ढीग केले. एकदाही विचारलं नाही. टवका उडालेली काळी सगळ्यात आधी शोधली. मग नवीन हिरवी हातात धरून म्हणाली, "रंग जुळला का रे?" मी खरं सांगितलं, नाही जुळला. जुना हिरवा काळवंडलाय, नवीन पोपटी दिसतो. "बरं झालं," ती म्हणाली, "बघणाऱ्यांना कळेल तरी नवी कुठली ते."

संध्याकाळी काकू आल्या. पट अंथरला. लाल आणि काळ्या आत्याच्या, हिरव्या आणि पिवळ्या काकूंच्या. अर्ध्या तासाने आत्याच्या काळीने काकूंची एक हिरवी मारली. आत्याने ती स्वतः उचलली, अंगठ्याने चर चाचपला आणि काकूंच्या तळहातावर ठेवली.

"तुमची," म्हणाली.